इन्व्हर्टरवर ठेवलेली लस

१८ ऑगस्ट, सोमवार

लस इन्व्हर्टरवर होती! फ्रिजमध्ये नाही — इन्व्हर्टरवर! जिन्याखाली, पत्रावळींच्या गठ्ठ्याशेजारी, माझाच तो छोटा स्टीलचा डबा. उचलला तर बूड गरम. आतल्या बर्फाचं पाणी झालेलं, तेही कोमट, आणि त्यात लशीची बाटली तरंगतेय.

आज श्रावणातला शेवटचा सोमवार. घरी स्वामींची पाद्यपूजा. सकाळपासून माणसांची ये-जा. सासूबाईंनी पहाटेच उठून फ्रिज रिकामा केला, आतून पुसला आणि पूजेचं दूध-दही ठेवलं. आमच्या घरात अंडं येत नाही, अंड्याचा केकसुद्धा येत नाही. मग कोंबडीचं औषध स्वामींच्या दुधाशेजारी कसं राहील? काढून ठेवलं. त्यांच्या दृष्टीनं नीटच ठेवलं — उंचावर, कुणाचा पाय लागणार नाही असं. वीज सकाळीच गेलेली. इन्व्हर्टर घूं घूं करत तापत होता आणि त्याच्या डोक्यावर आमच्या गल्लीतल्या सगळ्या पिल्लांची लस!

पत्रावळी आणायला गेले तेव्हा दिसलं. बाहेर पंगत बसलेली. चुलतसासरे, नणदा, स्वामी — तिथे काय ओरडणार? डब्यात नवा बर्फ घातला आणि गुपचूप परत फ्रिजमध्ये ठेवला, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली. कुणी बघितलं नाही. मग पदर खोचून हुग्गी, आमची गव्हाची खीर, वाढायला गेले. सगळे म्हणत होते, हुग्गी छान झाली.

उद्या पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकायचे आहेत. काय करू?

१९ ऑगस्ट

टाकले.

२० ऑगस्ट

कालचं नीट लिहिते. नाहीतर डोक्यात तेच तेच फिरत राहणार.

बाटली थंडगार होती. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर थंड लागणारच की! पण प्रशिक्षणातलं वाक्य मला पाठ आहे — तापलेली लस परत थंड केली म्हणून जिवंत होत नाही, ते नुसतं पाणी. हेच मी बचत गटाच्या बैठकीत उभी राहून सगळ्यांना शिकवलं होतं. काय ती माझी ऐट!

प्रशिक्षणाला गेले तेसुद्धा दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून. गटाला परसातल्या कोंबड्यांची पिल्लं मिळाली. त्यांचे आजार, लसी, औषधं एकीनं शिकून यायचं होतं. बाकीच्या कामावर जाणाऱ्या, मी घरात. गेले — आणि इतकं आवडलं की माझं मलाच नवल वाटलं! गल्लीत मला चिडवतात, अंडं न खाणारी कोंबड्यांची डॉक्टरीण. खोटं कशाला लिहू, मला ते ऐकायला आवडतं. आमच्या परसात खुराडं कोण येऊ देणार? म्हणून माझा सगळा जीव मीनाबाईंच्या पिल्लांत.

मीनाबाई आमच्या मागच्या ओळीत राहतात. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कँटीनमध्ये चपात्या लाटायच्या. गुडघे गेले, काम सुटलं. त्यांचे यजमान त्रिंबकभाऊ अजून तिथेच पाळीवर जातात. आता ह्या कोंबड्या म्हणजेच मीनाबाईंचं काम. गटात सगळ्यांत जास्त पिल्लं त्यांनी घेतली. पहिले दिवस बल्ब लावून, पोत्याचे पडदे करून वाढवली. काल एकेक पिल्लू दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आणत होत्या आणि पिल्लाला सांगत होत्या, "भिऊ नगंस गं, डाक्टरीण हाय ती आपली." मी हसलेसुद्धा. आणि थेंब सोडत गेले. गल्लीतल्या बाकी घरांतही तेच.

का नाही बोलले? 'ही बाटली बिघडली, नवी आणते' एवढंच तर वाक्य. पण मग त्या विचारणार, कशी बिघडली? काय सांगायचं? तुमच्या कोंबड्यांचं औषध आमच्या दुधाशेजारी चालत नाही म्हणून? मीनाबाई बौद्ध, आम्ही लिंगायत. कोंबडीचं चालत नाही हो, तुमचं चालतं — हे मी कोणत्या तोंडानं म्हणू? आणि ते पूर्ण खरं तरी आहे का? सासूबाई त्यांना अंगणात खुर्ची देतात, चहा देतात, गुडघ्यांची चौकशी करतात. प्रेमानंच करतात. पण मीनाबाई आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेल्या नाहीत. मीही कधी 'आत या' म्हटलेलं नाही.

भित्री आहे मी. बाकी काही नाही.

२३ ऑगस्ट

पिल्लं ठणठणीत आहेत! गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा मुद्दाम वाकून मीनाबाईंच्या परसात बघितलं. पावसाची उघडीप झाली तसं एक गांडूळ घेऊन सगळी पळापळ चालली होती. उगाच जीव टांगणीला लावला. नसेल तेवढी तापली लस.

डॉक्टरांना एक फोन करावा असं वाटलं होतं. दवाखान्यातले ते सरकारी डॉक्टर, शंका आली की कधीही विचारा म्हणतात. पण ते पहिला प्रश्न काय करतील ते मला माहीत आहे — लस कुठे ठेवली होती? नाही केला.

२६ ऑगस्ट

मीनाबाईंचा फोन. "लीला, पिल्लं गप बसल्यात गं. खाईनात."

कणीक तशीच टाकून गेले. खुराड्याच्या दारातच थांबले. पाच-सहा पिल्लं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेली. पिसं फुलवलेली, पंख गाळलेले, डोळे मिटलेले. एकानं मान टाकलेली. मला तेवढं पुरे झालं! राणीखेत. गल्लीत मानमोडी म्हणतात तोच रोग. ज्याची लस मी कोथिंबिरीखाली लपवली होती तोच.

"आत ये की, हातात घिऊन बग," मीनाबाई म्हणाल्या. मी म्हटलं, नको, माझ्या पायांनी रोग दुसऱ्या घरी जाईल. तसं शिकवलंय, ते बरोबर आहे. पण मी त्यासाठी बाहेर थांबले नव्हते. ज्या डोळ्यांत मी पाणी टाकलं त्या डोळ्यांकडे मला बघवत नव्हतं.

"औषद काय देऊ?"

"मानमोडीला औषध नाही, मीनाबाई."

"आसं कसं? लस दिली की आपन."

मी म्हटलं, कधी कधी लागू पडत नाही. जीभ झडली कशी नाही माझी! आजारी पिल्लं वेगळी काढून डालग्याखाली ठेवायला सांगितलं, हात धुवायला सांगितलं आणि घरी आले. कणकेला वरून कोरडी पापडी धरली होती.

२७ ऑगस्ट

गल्लीत गणपती बसले. ढोल, गुलाल, मोदक. मीनाबाईंकडची दोन गेली.

बाकीच्यांकडे अजून काही नाही. मी दारोदार नुसतं विचारत फिरतेय, खातात का? चालतात का? बायकांना वाटतं, किती काळजी करते!

२८ ऑगस्ट

आज त्रिंबकभाऊ स्वतः फाटकाशी आले. पाळीचे कपडे तसेच अंगावर. "ताई, खरं सांगा. डालग्याखालची जगत्याल का?"

मी म्हटलं, नाही. ठेवलीत तर बाकीच्यांना लागेल.

"मंग हाल कशाला करायचं त्यांचं," म्हणाले आणि गेले.

मी गच्चीवर जाऊन पाठमोरी उभी राहिले, तरी बघितलंच. त्यांनी एकेकाला हातात घेऊन आधी पाणी पाजलं. मग माना पिरगळल्या. खड्डा आधीच खणला होता, चुना आणून ठेवला होता — सगळं मी सांगितल्याप्रमाणे. मीनाबाई बाहेर आल्याच नाहीत.

माझ्या शब्दावर केलं त्यांनी हे. माझ्या शब्दावर!

२९ ऑगस्ट

आता नवीनच. मीनाबाईंची सून धम्मप्रिया, लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नाही. पंचमीला माहेरी जेऊरला गेली होती. येताना तिच्या आईनं हौसेनं एक तलंग दिली, आता अंड्यावर येईल अशी. तिच्यावरच सगळं आलं. मीनाबाईंचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. "जेऊरचा रोग आनलास घरात! माज्या समद्या पिल्लांचं वाटुळं केलंस!"

धम्मप्रिया पाण्याच्या टाकीपाशी कळशी घेऊन उभी होती. भरून कधीच झाली होती, वरून पाणी वाहत होतं. मला बघून हळूच विचारलं, "ताई, खरंच तिच्यामुळं झालं का ओ? ती तर चांगली हाय की. नीट खातीय."

एक शब्द पुरला असता — नाही. मी म्हटलं, "सांगता येत नाही गं."

सांगता येत नाही! मला नाही तर कुणाला येतं?

३० ऑगस्ट

सासूबाईंनी कागदाच्या पुडीत विभूती दिली. "मीनाबाईकडं नेऊन दे. पिल्लांच्या कपाळाला लावा म्हणावं. पाप, बिचारी मुकी जनावरं." ह्याच सासूबाई! त्यांच्यावर रागावता येत असतं तर किती सोपं झालं असतं. पुडी माझ्या कपाटात आहे. कशी नेऊन देऊ?

३१ ऑगस्ट

धम्मप्रियाचा भाऊ येऊन तलंग परत घेऊन गेला. पिशवीतून तिची मान बाहेर, डोळे टुकटुकीत. धम्मप्रियानं भावाला चहासुद्धा विचारला नाही. घाबरून विचारला नाही, हे मला कळलं. तिची आई फोनवर रडत होती म्हणे.

यांना सगळं सांगितलं शेवटी, त्यांच्या अव्वानं डबा फ्रिजमधून काढला तेही. दुकानातून येऊन जेवत होते. घास तसाच ठेवला आणि म्हणाले, "हे बघ, कोंबडीच्या पिल्लांसाठी अव्वाचं नाव गल्लीत निघता कामा नये. गप बस. चार दिवसांनी विसरतील सगळे."

विसरतील, खरं आहे. धम्मप्रिया सोडून.

यांचं चुकलं म्हणावं तर त्यांच्या आधी मीच बारा दिवस गप बसलेय. मला कुणी गप बस म्हणायची गरजसुद्धा पडली नव्हती.

१ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं! सांगून आले!

मीनाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. बसले असते तर बोलले नसते, म्हणून उभ्या उभ्याच सुरुवात केली. लस गरम झाली होती. मला माहीत होतं. तरी मी टाकली. तलंगेचा काही दोष नाही, धम्मप्रियाचा तर नाहीच.

त्यांचे हात थांबले. "गरम कशी झाली?"

तेही सांगितलं. पूजा, दूध, इन्व्हर्टर — काही ठेवलं नाही. सांगताना मी त्यांच्याकडे न बघता शेंगांच्या फोलपटांकडे बघत होते. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माज्या घरात फ्रिज न्हाय का गं?"

आहे की! आमच्यापेक्षा मोठा आहे, नवा आहे, त्यांच्या मुलानं गेल्या दिवाळीला आणलाय. दवाखान्यातून बाटली आणली आणि मी सरळ आमच्या घरी नेली. मीनाबाईंचा फ्रिज मला एकदाही सुचला नाही. डॉक्टरीण मी, म्हणून? की त्यांच्या घरात असं काही असतं हे माझ्या डोक्यात येतच नाही म्हणून? सासूबाईंच्या सोवळ्याला मी मनातल्या मनात इतकी नावं ठेवली, आणि माझं काय?

"तुमच्या घरचं तुमी बगा," मीनाबाई म्हणाल्या. "म्हातारीला मी काय बोलनार न्हाय. तिचं वय झालंय. पर तू मला इचारायचं हुतंस, लीला. मी डाक्टरीण, डाक्टरीण म्हनत तुज्या म्होरं पिल्लं धरत हुते."

रडले. चांगली मोठ्यानं रडले, शेजारच्या बाया डोकावल्या.

"गप आता. पिल्लं गेली ती गेली, फिरून आनू. तू आपल्या तोंडानं सांगितलंस की. कोन सांगतंय आजकाल?" मग आत वळून, "धम्मा, ए धम्मा! हिकडं ये. तुज्या आयला फोन लाव, मी बोलते. लई वंगाळ बोलले मी तुला." धम्मप्रिया दारात आली आणि सासूकडे, माझ्याकडे, परत सासूकडे बघत राहिली. मीनाबाईंनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मला म्हणाल्या, "आन तू, हुबी काय दारात? आत ये."

आत गेले. चहा घेतला. त्यांचा फ्रिज बघितला. वर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. जेऊरला फोन लागला तेव्हा दोन्ही विहिणी एकदमच बोलायला लागल्या, कुणाचं कुणाला ऐकू जाईना. धम्मप्रिया हसली. मी पण.

रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या. कित्येक दिवसांनी अन्नाला चव लागली. माफी मिळाली की माणूस एवढं हलकं होतं!

२ सप्टेंबर

डॉक्टरांना फोन केला. आता लपवायचं काय राहिलं होतं? सगळं सांगितलं. रागावले. रागावणारच, मीही ऐकून घेतलं. म्हणाले, बाकीच्या निरोगी पिल्लांना नवी लस द्यावी लागेल, बाटली देतो. पण आधी एक ताजं मेलेलं पिल्लू घेऊन या, खात्री करू.

मी म्हटलं, खात्री कसली डॉक्टर, मानमोडीच आहे. लस मेलेली होती ना.

"तुम्ही पिल्लू हातात घेऊन बघितलं का?"

मी म्हटलं, उद्या घेऊन येते.

मीनाबाईंकडे सकाळपासून आणखी तीन गप बसलीत. त्यांनी स्वतःच वेगळी काढली. माझ्यावर एका शब्दानंही चिडल्या नाहीत. "डाक्टर काय म्हनतोय त्ये बगू," एवढंच. उलट मलाच धीर देत होत्या. संध्याकाळी एक गेलं, त्रिंबकभाऊंनी पिशवीत बांधून दिलं. बर्फाच्या डब्यात ठेवलंय — मीनाबाईंच्या फ्रिजमध्ये.

३ सप्टेंबर

मानमोडी नाही.

डॉक्टरांनी माझ्यासमोर पिल्लू फाडलं. आतडं रक्तानं भरलेलं. रक्ती हगवण. खुराड्यात अंथरलेलं तूस ओलं राहिलं की, पावसाळ्यात, ह्याच वयाच्या पिल्लांना होते, हे मला शिकवलेलं आहे. "लशीचा ह्याच्याशी संबंध नाही, ताई. तुसावर लाल दिसलं असेल की. बघितलं नाही?" नाही बघितलं. मी एकदाही आत गेले नाही, एकदाही डालगं उचललं नाही. मला माझीच चूक दिसत होती, पिल्लं दिसतच नव्हती. ह्याला औषध आहे. पाण्यातून द्यायचं. वेळेवर दिलं असतं तर बरीचशी उठली असती. ते औषध पहिल्या दिवसापासून माझ्या पिशवीत आहे.

रिक्षानं आले, तशीच मीनाबाईंकडे गेले, पाण्यात औषधाची पुडी घालून ठेवली. तूस बदलायला लावलं. कालच्या आजारी तिघांतली राहिलेली दोन प्यायली, चोच बुडवून प्यायली. मीनाबाई म्हणाल्या, "औषद न्हाय म्हनाली हुतीस की गं?" शेजारी त्रिंबकभाऊ नवं तूस पसरत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, उद्या सांगते. परवा मीनाबाईंनी मला माफ केलं ते भलत्याच चुकीबद्दल.